खंडेनवमीला बाहेर काढलेली बंदूक रिकामी आहे हे कसं तपासायचं? (घरात घडलेला प्रसंग, जरूर वाचा)

गारगोटीकर

मंडळी, गेल्या खंडेनवमीपासून मनात आहे ते आज लिहितोय.

भुदरगड तालुक्यात आमचं जुनं घर आहे. आजोबांच्या काळापासून बाराबोरची दुनाली घरात आहे. आता परवाना वडिलांच्या नावावर आहे. दरवर्षी खंडेनवमीला ती माडीवरच्या कपाटातून खाली येते. कोयते, विळे, नांगराचा फाळ, आजोबांची तलवार यांच्याबरोबर पाटावर मांडतात. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची फांदी. पूजा झाली की परत कपाटात.

गेल्या वर्षी पूजेआधी चुलतभावाच्या पोरानं, वय चौदा, बंदूक उचलली आणि खांद्याला लावली. नळी सोप्यात बसलेल्या सगळ्यांवरून फिरली. माझी आई, वहिनी, तिच्या मांडीवरचं बाळ. मी ओरडलो तर थोरले काका म्हणाले, "आरं, रिकामीच हाय ती. धा वर्षांत कुणी हात तरी लावलाय का?"

वडिलांनी बंदूक हातात घेतली आणि पुसायला म्हणून मोडली. डाव्या नळीत काडतूस होतं. जुनं, कागदी नळकांड्याचं, पितळी बूड काळं पडलेलं.

सोप्यात कुणी बोललं नाही. पोरगं भिंतीला टेकून थरथरत होतं.

नंतर उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी रानडुकरं उसात शिरली होती, तेव्हा वडील बंदूक घेऊन शेतावर गेले होते. दोन्ही नळ्या भरल्या होत्या, बार एकच काढला. घरी आल्यावर एक काडतूस काढलं आणि दुसरं राहिलं. वडील सत्तरीचे आहेत, आयुष्यभर जपून वागलेला माणूस. त्यांनाही आठवत नव्हतं.

खंडेनवमी पुन्हा तोंडावर आली आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नीट सांगा, बंदूक रिकामी आहे हे तपासायची खरी पद्धत काय?

टाकळीचा फौजी

गारगोटीकर, लिहिलंत हे फार बरं केलंत. अशा गोष्टी घराघरात झाकल्या जातात.

मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. बावीस वर्षं पायदळात काढली. फौजेत पहारा बदलला, गस्तीवरून आलो, कोतमध्ये (शस्त्रागारात) शस्त्र जमा करायचं असलं की दर वेळी "खाली कर" चा हुकूम व्हायचा. तासाभरापूर्वी खाली केलेली असली तरी परत. सुभेदार साहेबांची असली तरी परत. तुमच्या वडिलांना आठवलं नाही यात त्यांचा दोष मानू नका. फौज माणसाच्या आठवणीवर विसंबत नाही, म्हणून तर रोज तीच कवायत असते.

आता दुनालीचं सांगतो.

हात लावण्याआधी बघा, नळीचं तोंड कुठं आहे. बार चुकून उडालाच तर तो जिथं गेल्यानं कुणाला इजा होणार नाही अशी दिशा धरायची. परड्यातली मऊ माती चांगली. आम्ही वाळूच्या पोत्यांकडं तोंड करायचो. फरशी, दगडी भिंत, स्लॅब यांच्याकडं नको, छर्रे उसळून येतात. माडीवर उभं राहून खाली तोंड धरू नका, खालच्या खोलीत माणसं असतात. चापावर बोट नाही. बोट सरळ, चापाच्या कडीच्या बाहेर, लाकडावर टेकलेलं.

मग वरची खटकी अंगठ्यानं बाजूला सारून बंदूक मोडायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोडणं म्हणजे बिजागरीवर उघडणं. काडतुसं असली तर त्यांची बुडं थोडी वर उचलून येतात. दोन्ही काढा. इथं माणूस फसतो. एक बाहेर आलं की काम झालं असं वाटतं. दोन्ही भोकांत डोळ्यानं बघा, मग करंगळी घालून चाचपा. अंधार असेल तर विजेरी लावा. मोडलेल्या बंदुकीत मागच्या बाजूनं बघितलं की नळीच्या दुसऱ्या टोकाचा उजेड गोल दिसला पाहिजे. तो अर्धवट दिसला तर आत काहीतरी अडकलंय.

आणि मग एकदा नजर दुसरीकडं वळवा आणि परत तेच सगळं करा. दुसऱ्यांदा बघणं हे वेड नव्हे. पहिल्यांदा आपण जे बघायची अपेक्षा असते तेच बघतो.

पूजेला ठेवायची तर मोडलेलीच ठेवा. मोडलेली दुनाली उडत नाही, आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला लांबून दिसतं की आत काही नाही.

पन्हाळ्याचा वारा

आमच्याकडं जुनी माणसं अंगणात जाऊन नळी आभाळाकडं करून चाप ओढून बघायची. "खट्" झालं की रिकामी. हे सोपं नाही का?

टाकळीचा फौजी

नाही भावा, हे कधी करू नका. चाप ओढणं म्हणजे तपासणी नव्हे, ते बार काढणंच झालं. आत काडतूस असेल तर ते तुम्हाला बार उडाल्यावरच कळणार. छर्रे वर गेले तरी खाली येतातच, आणि आत एकाच गोळीचं काडतूस असलं तर ती कुठल्या वस्तीत उतरेल सांगता येत नाही. दुनालीला बहुतेक वेळा दोन चाप असतात. एक ओढून "खट्" ऐकलं तर दुसऱ्या नळीचं काय? गारगोटीकरांच्या बंदुकीत काडतूस डाव्या नळीत होतं. उजव्याचा चाप ओढून त्यांनी "रिकामी" म्हटलं असतं.

आणखी एक. काडतूस जुनं, ओलसर असेल तर कधी आधी नुसतं "खट्" होतं आणि बार दोन-चार सेकंद उशिरा उडतो. तोवर तुम्ही नळी खाली आणून तोंडाकडं वळवलेली असता.

रंकाळाकाठ

सेफ्टीचं बटण लावलेलं असेल तर इतकं घाबरायची गरज आहे का? आमच्या मामांच्या बंदुकीला वरच सेफ्टी आहे.

दुधाळीची नेमबाज

मी कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजीच्या रेंजवर सहा वर्षं सराव केला, आता लहान मुलींना शिकवते. सेफ्टी हे यंत्र आहे आणि यंत्र झिजतं. बहुतेक दुनाली बंदुकांत ते बटण फक्त चाप अडवतं, आतले घोडे (काडतुसावर घाव घालणारे हातोडे) चढलेलेच असतात. बंदूक फरशीवर जोरात आपटली तर चाप न ओढताही घोडा सुटू शकतो. बाहेर घोडे असलेल्या फार जुन्या बंदुकांत तर उतरलेला घोडा थेट सुईवर (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या खिळ्यावर) टेकलेला असतो, त्यावर घाव बसला तरी बार उडू शकतो. म्हणून सेफ्टी लावा, पण ती लावली म्हणून नळी माणसाकडं वळवायची मुभा मिळत नाही.

आमच्या खेळातलं सांगते, घरच्या बंदुकीलाही लागू पडेल. स्पर्धेत गोळी झाडायच्या रेषेवर नसलेल्या प्रत्येक रायफल-पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग घालावाच लागतो. भडक रंगाची प्लास्टिकची पट्टी असते ती. तिचं टोक गोळीच्या घरात बसतं आणि शेपूट बाहेर दिसतं. गोळी आत असेल तर फ्लॅग बसतच नाही. हवेच्या रायफलला नळीच्या आरपार जाणारा दोरा घालतात, दोन्ही टोकं बाहेर. पंचाला विचारावं लागत नाही, वीस फुटांवरून दिसतं. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं. इतक्या वरच्या नेमबाजांनाही हा नियम सुटत नाही. हात कितीही सरावलेला असो, फ्लॅग घालायचाच.

माझ्याकडं पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलीला मी रायफल देत नाही. आधी तिनं मला विचारायचं, "ताई, उघडून दाखवा." मी दाखवते. मग ती स्वतः बघते. मगच हातात. मोठ्या माणसाला "उघडून दाखवा" म्हणायची लाज मोडणं हा माझ्या दृष्टीनं पहिला धडा आहे. आपल्या घरांत थोरल्यांना असं विचारणं उद्धटपणा वाटतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

गारगोटीकर

ताई, हे अगदी वर्मावर बोट ठेवलंत. त्या दिवशी काकांना "उघडून दाखवा" म्हणायची माझी छाती झाली नाही. मी नुसता पोरावर ओरडलो.

शाहूपुरीचा नितीन

माझ्याकडं व्यवसायामुळं परवान्याचं बत्तीस (.३२) बोरचं पिस्तूल आहे. मॅगझिन काढून लॉकरमध्ये ठेवतो. एवढं पुरतं ना?

टाकळीचा फौजी

नाही पुरत. पिस्तुलानं होणाऱ्या घरगुती अपघातांचं मोठं कारण हेच.

मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं तरी नळीच्या मागच्या घरात एक गोळी असू शकते. पुष्कळ पिस्तुलं मॅगझिन नसतानाही ती एक गोळी उडवतात. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) पूर्ण मागं ओढायची. घरात गोळी असेल तर ती बाहेर पडेल. ती हातात झेलायच्या नादात हात स्लाइडच्या तोंडावर ठेवू नका, पडू दे जमिनीवर. मग स्लाइड मागं अडकवून ठेवा आणि आत बघा, गोळीचं घर आणि खालची मॅगझिनची पोकळी, दोन्ही. करंगळीनं चाचपा.

हा क्रम उलटा केलात तर काय होतं ते समजून घ्या. आधी स्लाइड ओढली, घरातली गोळी बाहेर पडली, तुम्हाला वाटलं झालं. पण मॅगझिन आत होतं. स्लाइड पुढं जाताना तिनं वरची नवी गोळी घरात ढकलली. मग तुम्ही मॅगझिन काढलं. आता पिस्तूल भरलेलं आहे आणि तुमच्या मनात ते रिकामं आहे. याच्याइतकी वाईट अवस्था दुसरी नाही.

आणि गोळी बाहेर पडली नाही म्हणजे आत नव्हती असंही धरू नका. गोळी ओढणारी आकडी झिजली असेल तर ती गोळी आतच सोडते. म्हणून डोळा आणि बोट.

रिव्हॉल्व्हरचं वेगळं. आपल्या आयुध निर्माणीचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर दुनालीसारखंच वरून मोडतं, काही विदेशी बनावटीत चक्री बाजूला येते. सहा भोकं असतील तर सहाही मोजायची आणि प्रत्येकातून उजेड बघायचा. बोल्टच्या (मागंपुढं सरकणाऱ्या दांड्याच्या) रायफलीत मॅगझिन काढून बोल्ट मागं, आणि जमलं तर बोल्ट पूर्ण काढूनच ठेवा.

दुधाळीची नेमबाज

एक भर. पॉइंट बावीसच्या रायफलीत गोळीचं घर इतकं लहान असतं की करंगळी आत जात नाही, आणि गोळी आत असली तरी नुसत्या नजरेला चटकन दिसत नाही. विजेरी लावून बघा किंवा फ्लॅग घालून खात्री करा. आणि तपासायला बसताना जिवंत गोळ्या त्या खोलीत नकोतच. दुसऱ्या खोलीत, कुलपात.

आजऱ्याची सून

मी कधी इथं लिहीत नाही, फक्त वाचते. हे वाचून पोटात गोळा आला म्हणून लिहिते.

आमच्याकडं ठासणीची बंदूक आहे. सासऱ्यांची, पीक राखायच्या परवान्याची. आमच्या भागात गवे, डुकरं, मधूनच हत्ती. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. बंदूक गोठ्याच्या वरच्या माळ्याला टांगलेली आहे. मुलं गोठ्यात खेळतात. ती मोडत नाही, मॅगझिन नाही. ती भरलेली आहे का हे कळायचं कसं?

टाकळीचा फौजी

ताई, आधी एवढं करा. तिला हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका, गोठ्याला कुलूप घाला. मुलांना आजच सांगा.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. दारू, मग चिंधी किंवा काथ्या, मग छर्रे, वर परत चिंधी, आणि गजानं ठासायचं. मागच्या टोचीवर (नळीत ठिणगी नेणाऱ्या बारीक भोकाच्या टोकावर) टोपी, म्हणजे घाव बसला की ठिणगी पाडणारी छोटी वाटी, बसवली की झाली तयार. मागून उघडून बघायची सोयच नसते. टोपी दिसत नाही म्हणून ती रिकामी असं म्हणता येत नाही, नळीत दारू असू शकते. आणि काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. नऊ वर्षं तिला काहीच नाहीत.

जाणकार ती गजानं तपासतो. टोपी नाही याची खात्री करून, स्वतः नळीच्या तोंडासमोर न येता, गज हलकेच आत सोडायचा. तो टेकला की नळीच्या तोंडापाशी गजावर खूण करायची. मग बाहेर काढून तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचा. खुणेपासून टोक टोचीपर्यंत पोचलं तर नळी मोकळी. चार बोटं अलीकडं थांबलं तर आत भरणा आहे. हे वाचून तुम्ही किंवा भावोजींनी करून बघायचं नाही. हे परवानाधारक दुकानातल्या कारागिराचं काम आहे. आतला भरणा स्वतः उकरायचा तर विचारही नको.

वकीलताई, कोल्हापूर

आजऱ्याच्या ताईंसाठी कायद्याचं थोडक्यात. परवानाधारक वारल्यावर त्यांचा परवाना तुमच्या कामाचा उरत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे अशी बंदूक विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायची असते. नऊ वर्षं झाली म्हणून घाबरून लपवू नका, विहिरीत तर मुळीच टाकू नका. बंदूक घेऊन ठाण्यावर जायच्या आधी फोन करा, पोलीस पाटलांना सांगा. "ठासणीची आहे, भरलेली असू शकते, आम्ही हात लावलेला नाही" हे तीनही सांगा. त्यांनी येऊन बघितलेलं बरं. वारसांपैकी कुणाला ठेवायची असेल तर जमा केल्यावर रीतसर अर्ज करता येतो.

गारगोटीकर, परवाना वडिलांचा आहे, तेव्हा बंदूक हाताळायचा हक्क त्यांचाच. पूजा असली तरी पोरांनी ती उचलणं योग्य नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सणासमारंभात बेपर्वाईनं बार काढून इतरांची सुरक्षितता धोक्यात घातली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वरातीत हौसेनं बार काढणाऱ्यांना हे माहीत असावं.

निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली बंदूक परत मिळते तेव्हाही ती तिथंच उघडून बघून घ्या. मधे किती हात लागले ते आपल्याला माहीत नसतं.

बावड्याचा शेतकरी

गगनबावड्याकडचा एक अनुभव. आमच्या पावसात कागदी काडतुसं फुगतात. वडिलांच्या दुनालीत एक असंच अडकलं, नखानं निघेना. चुलते तोंडाकडून गज घालून ठोकायला निघाले होते, आईनं हात धरला. बंदूक मोडलेलीच ठेवून, पोलिसांना कळवून, कोल्हापुरात कारागिराकडं नेली. त्यानं दोन मिनिटांत काढलं.

दुसरं, एका वर्षी नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. पूजेच्या अक्षता, झेंडूच्या पाकळ्याही नळीत जातात. तसाच बार काढला तर नळी फुटून हात जाऊ शकतो. पूजा झाल्यावर हळदकुंकू पुसून तेलाचा हात द्या आणि नळीतून उजेड बघा.

गारगोटीकर

परवा खंडेनवमी झाली. सांगतो काय केलं ते.

सकाळी वडिलांनी बंदूक कपाटातून स्वतः काढली, परड्यात नेली. आम्ही सगळे त्यांच्या मागं उभे. आंब्याच्या बुंध्यापाशी मातीकडं तोंड करून त्यांनी ती मोडली, करंगळी दोन्ही नळ्यांत घातली. मग थोरल्या काकांकडं वळून म्हणाले, "दादा, तूबी बघ." काकांनी चष्मा लावून बघितलं. ते काही बोलले नाहीत, पण बराच वेळ बघत राहिले. मग मी बघितलं. पाटावर ती मोडलेलीच मांडली, पहिल्यांदाच. हळदकुंकू दस्त्यावर लावलं, नळीजवळ फूल नाही.

चुलतभावाचं पोरगं लांब उभं होतं. वर्षभर ते बंदुकीचं नाव काढत नव्हतं. वडिलांनी त्याला जवळ बोलावून, हात न लावता, दोन्ही नळ्यांतून उजेड दाखवला. कपाटात एका जुन्या डब्यात अजून सात कागदी काडतुसं निघाली, ती वेगळी ठेवली आहेत. ठाण्यात विचारून जमा करणार.

आजऱ्याची सून

मला इथं कळवलंच पाहिजे. वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे पोलीस पाटलांना सांगितलं. दोन दिवसांनी ठाण्यातले दोघं आले, बरोबर एक बंदुकीचा कारागीर होता. आम्हाला सगळ्यांना अंगणाच्या पलीकडं उभं केलं. त्यांनी माळ्यावरून ती उतरवली. टोपी नव्हती. गज आत सोडला, खूण केली, बाहेर लावून बघितला.

पाच बोटं कमी पडला.

नऊ वर्षं माझी मुलं तिच्याखाली वासरांना चारा घालत होती. कारागीर ती नीट बांधून घेऊन गेला, भरणा दुकानात काढणार म्हणाला. ठाण्यातून जमा केल्याची पावती मिळाली आहे. माळ्याची खुंटी यांनी काल उपटून टाकली.